मँचेस्टर : कापसाच्या नगरींत तीन दिवस

एखादा मुलगा, मुलगी वा पुतण्या शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं विलायतेस गेलेला नाहीं, अशीं सुशिक्षित कुटुंबें आपल्याकडे आतां थोडींच आढळतील. त्या निमित्तानें घरांतील वडील मंडळीहि तिकडे जाऊन येतात. परत आल्यावर त्यांच्या तोंडून जें वर्णन ऐकावयास मिळतें, तें बहुधा लंडनचें असतें. राजवाडा, टेम्स नदीवरील पूल, मोठें घड्याळ आणि मेणाचे पुतळे! या गोष्टी पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या नगरीच्या कापडानें आपल्या पणजोबांच्या काळीं येथील पेठा भरून गेल्या, जिच्या मागणीवर वऱ्हाड-खानदेशांतील कापसाचा भाव चढे-उतरे, आणि जिच्यावर आलेल्या एका संकटानें मुंबईस एकदां अमाप पैसा दाखवून लागलीच दिवाळेंहि दाखविलें, ती नगरी न पाहतां विलायतेहून परतणें म्हणजे कुळकर्ण्याचें दप्तर न उघडतां जमिनीचा इतिहास सांगण्यासारखें आहे. ती नगरी मँचेस्टर होय.

‘तेथें पाहण्याजोगें काय आहे?’ असें कोणी विचारील. निसर्गशोभेसाठीं तिची ख्याति नाहीं, राजेरजवाड्यांच्या महालांसाठींहि नाहीं. या शहराचें वैभव उद्योगाचें आहे, आणि त्यांतील बराचसा भाग गेल्या अडीचशें वर्षांतला आहे. त्याचें चिन्ह देखील मधमाशी हें असून १८४२ सालीं शहराला मिळालेल्या मानचिन्हांत तिला स्थान मिळालें. आजहि रस्त्यांत व भिंतींवर जागोजाग ती दिसते. मधमाशी उद्योगी खरी. परंतु ज्या फुलांतून ती मध गोळा करते तीं फुलें तिचीं नसतात. एवढी गोष्ट मनांत ठेवून या शहरांत हिंडावें, म्हणजे साध्या विटांच्या इमारतीहि बोलूं लागतात.

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून आगगाडीनें सुमारें सवादोन तासांत मँचेस्टरला पोहोंचतां येतें. शहराचा मध्यभाग पायीं हिंडण्याजोगा आहे. थकवा आल्यास ट्राम आहे, आणि मध्यभागांत फिरणाऱ्या कांहीं बसगाड्यांना भाडेंच पडत नाहीं. बहुतेक मोठ्या संग्रहालयांना प्रवेशमूल्य नाहीं, ही गोष्ट कुटुंबवत्सल माणसानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पाऊस मात्र पाठ सोडीत नाहीं. तो कोंकणांतल्यासारखा मुसळधार नसून भुरभुर येणारा असतो. या दमट हवेंत सुताचा धागा कमी तुटे, म्हणून त्या पावसाचाहि कापसाच्या धंद्याला उपयोगच झाला.

पहिला दिवस : गिरणी, गोदाम आणि बाजार

आरंभ कॅसलफील्ड या भागापासून करावा. इसवी सन ७९ च्या सुमारास रोमन लोकांनीं येथें किल्ला बांधला. त्याचा एक दरवाजा जुन्या पायावर पुन्हां उभारून ठेवला आहे. जवळच ब्रिजवॉटर कालवा आहे. १७६१ सालीं वर्स्ली येथील खाणींचा कोळसा या कालव्यानें होड्यांतून शहरांत येऊं लागला आणि कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. स्वस्त कोळसा म्हणजे स्वस्त वाफ, आणि स्वस्त वाफ म्हणजे स्वस्त कापड. आमच्या कोष्ट्यांच्या मागावर जें संकट पुढें आलें, त्याचा एक धागा या अरुंद, शांत कालव्यापर्यंत जाऊन पोहोंचतो.

कालव्यापासून थोड्या अंतरावर लिव्हरपूल रोड स्थानक लागतें. लिव्हरपूल व मँचेस्टर यांमधील आगगाडी १५ सप्टेंबर १८३० रोजीं सुरू झाली. उद्घाटनाच्याच दिवशीं विल्यम हस्किसन नांवाचे पार्लमेंटचे सभासद इंजिनाखालीं सांपडून मरण पावले. तरी ती गाडी थांबली नाहीं. त्यानंतर अवघ्या तेवीस वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, आपली बोरीबंदर-ठाणें गाडी निघाली. प्रवासी आगगाडीचें जगांतील सर्वांत जुनें असें हें शिल्लक राहिलेलें स्थानक १८४४ सालींच प्रवाशांना बंद झालें, परंतु मालासाठीं पुढें दीर्घकाळ चालू राहिलें. १९८३ सालापासून येथें विज्ञान व उद्योग यांचें संग्रहालय आहे.

मुलें बरोबर असतील तर या संग्रहालयास अर्धा दिवस द्यावा. कापसाच्या गठ्ठ्यापासून कापडापर्यंतची कृति येथें ठराविक वेळीं जुनीं यंत्रें चालवून दाखवितात. एक माग सुरू झाला तरी शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येईनासें होतें. स्थालीपुलाकन्यायानें त्यावरून शेंकडों मागांच्या दालनाची कल्पना करावी. अशा दालनांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया ओंठांच्या हालचालींवरून एकमेकींचें बोलणें ओळखीत, आणि कित्येकींना पुढें बहिरेपण येई. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रें बहुतेक याच लँकेशायर परगण्यांतून आलेलीं होतीं, तेव्हां परळ-लालबागच्या चाळींतून ज्यांचे आजोबा भोंगा वाजतांच बाहेर पडत, त्यांना हा खडखडाट परका वाटणार नाहीं. याच संग्रहालयांत एका गणकयंत्राची प्रतिकृतिहि आहे. स्वतःच्या स्मृतींत आज्ञावलि सांठवून ठेवणारें पहिलें गणकयंत्र मँचेस्टरच्या विद्यापीठांत तयार झालें व २१ जून १९४८ रोजीं त्यानें आपलें पहिलें गणित सोडविलें. आज घरोघरीं जीं यंत्रें मुलांच्या हातीं दिसतात, त्यांच्या वंशावळींत याचें स्थान फार वरचें आहे.

तेथून डीन्सगेट या मोठ्या रस्त्यानें उत्तरेकडे जावें. वाटेंत आंतल्या बाजूस लिंकन चौक आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा येथें कां, असा प्रश्न पडतो. लँकेशायरमध्यें कापसाचें एक बोंडहि पिकत नसे. तो मुख्यतः अमेरिकेंतील गुलामांच्या श्रमांतून येई. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेचीं बंदरें अडविलीं गेलीं आणि कापूस येणें थांबलें. गिरण्या बंद पडल्या, घरोघर उपासमार आली. अशा स्थितींत ३१ डिसेंबर १८६२ रोजीं येथील कामगारांच्या सभेनें अध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठविलें आणि गुलामगिरी नाहींशी करण्याच्या कार्यास पाठिंबा दिला. लँकेशायरांत सर्वांचें मत असेंच होतें असें नव्हे. दक्षिणेचा पक्ष घेणारेहि पुष्कळ होते. पण ज्यांची चूल विझली होती, अशा लोकांनीं दुसऱ्याच्या बेड्या तुटाव्यात म्हणून सही करावी, ही गोष्ट लहान नाहीं. १९ जानेवारी १८६३ रोजीं लिंकन यांनीं त्यांना आभाराचें उत्तर धाडलें, आणि त्यांतील शब्द पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरले आहेत.

याच चार वर्षांत मुंबईस काय झालें, तें आपल्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा कापूस थांबतांच आपल्याकडील कापसास न भूतो असा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार सुरू झाला. आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. एकाच घटनेनें मँचेस्टरला उपाशी ठेवलें आणि मुंबईस अजीर्ण केलें!

दिवसाचा शेवट रॉयल एक्स्चेंज या इमारतींत करावा. हा कापडाच्या व सुताच्या व्यापाऱ्यांचा बाजार. १९६८ सालीं येथील व्यवहार कायमचा थांबला; परंतु शेवटच्या दिवशींचे भाव उंच फलकावर अद्याप तसेच ठेवले आहेत. १९७६ पासून या प्रचंड दालनांत एक वर्तुळाकार नाटकगृह आहे. तें सुमारें दीडशें टन वजनाचें असून जुन्या जमिनीला तो भार झेपणार नाहीं म्हणून दालनाच्या चार मोठ्या खांबांवर तोललें आहे. शक्य असेल तर एखादा प्रयोग पाहावा.

या बाजारांत आमचीं धोतरें-लुगडीं कशीं येऊन पोहोंचलीं, त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १८६६ सालीं जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्यानें हिंदी कापडाच्या ७०० नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत चित्रें नव्हेत, तर पागोटीं, धोतरें, लुगडीं यांचे प्रत्यक्ष कापलेले तुकडे चिकटविलेले होते. असे वीस संच निघाले. त्यांपैकीं तेरा ब्रिटनमध्यें व सात हिंदुस्थानांत वांटण्यांत आले. मँचेस्टरला एक मिळाला, तसा वऱ्हाडासहि मिळाला. हिंदी माणूस काय नेसतो हें विलायतेंतील गिरणीवाल्यास कळावें, हा त्यांतील मुख्य हेतु. विणकराची पिढीजात विद्या अशा रीतीनें परक्याच्या टेबलावर गेली. पुढें देशी गिरण्या उभ्या राहून स्पर्धा करूं लागल्या, तेव्हां १८९६ सालीं त्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन जकात बसली आणि ती १९२५ च्या अखेरीपर्यंत टिकली. १९०५ सालीं पुण्यांत विदेशी कपड्यांची जी होळी झाली, तिचा धूर कोणत्या दिशेस जात होता, हें या दालनांत उभें राहिल्यावर स्पष्ट दिसतें.

दुसरा दिवस : सामान्य माणसें आणि कर्तृत्ववान् स्त्रिया

दुसऱ्या दिवशीं सेंट पीटर चौकांतून निघावें. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं येथील मोकळ्या मैदानावर सुमारें साठ हजार स्त्री-पुरुष मताधिकाराची मागणी करण्यास जमले होते. एवढ्या मोठ्या गांवाला त्या वेळीं पार्लमेंटांत एकहि स्वतंत्र प्रतिनिधि नव्हता. त्या निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घालण्यांत आले. सुमारें अठरा माणसें मेलीं, शेंकडों जखमी झालीं. वॉटर्लूच्या लढाईचें नांव वळवून लोकांनीं या प्रसंगास ‘पीटरलू’ म्हटलें. याच क्षोभांतून १८२१ सालीं ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्र निघालें. घटनेस दोनशें वर्षें झालीं तेव्हां, २०१९ सालीं, जवळच पायऱ्यापायऱ्यांचें एक गोल स्मारक उभारलें. त्यावर मृतांचीं नांवें आहेत. जालियनवाला बाग ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांनीं या पायऱ्यांपाशीं क्षणभर थांबावें. सत्तेची ही रीत तिनें प्रथम आपल्याच घरांत वापरून पाहिली होती.

चौकांत १९३४ सालचें मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तें वाटोळें असून त्याच्या वाचनदालनावर भव्य घुमट आहे. समोरच एमेलिन पँखर्स्ट यांचा २०१८ सालीं उभारलेला पुतळा दिसेल. स्त्रियांना मत मिळावें म्हणून या बाईंनीं १० ऑक्टोबर १९०३ रोजीं नेल्सन स्ट्रीटवरील आपल्या घराच्या दिवाणखान्यांत एक मंडळ स्थापिलें, आणि त्यापायीं पुढें अनेकवार तुरुंग सोसला. इंग्लंडांत पुरुषांच्या बरोबरीनें स्त्रियांना मत १९२८ सालीं मिळालें. तो कायदा होण्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं त्या वारल्या. तें घर आज स्मारक म्हणून जपलें आहे. मात्र तें ठराविक दिवशींच उघडें असतें, म्हणून आधीं चौकशी करून जावें.

तेथून जवळच प्लिमथ ग्रोव्ह येथें कादंबरीकर्त्री एलिझाबेथ गॅस्केल यांचें घर आहे. धर्मोपदेशकाची पत्नी, चार मुलींची आई आणि १८४८ सालच्या ‘मेरी बार्टन’ या कादंबरीनें गिरणीकामगारांचें दुःख वेशीवर टांगणारी लेखिका, अशा तिन्ही भूमिका त्यांनीं एकाच आयुष्यांत पार पाडल्या. त्या जेवणघरांतील टेबलावर बसून लिहीत, कारण तेथून घरांतील सर्व कामांवर लक्ष ठेवतां येई. लेखिका शार्लट ब्रॉन्टी या घरीं पाहुण्या म्हणून आल्या असतां अनोळखी माणसें भेटीस येतांच संकोचानें पडद्याआड लपल्या होत्या! घरकामांतून लेखन-वाचनासाठीं तासभर काढूं पाहणाऱ्या आमच्या भगिनींना हें जेवणघर राजवाड्याहून अधिक जवळचें वाटेल.

ऑक्सफर्ड रोडवरील विद्यापीठाचें मँचेस्टर म्यूझियम मुलांसाठीं पर्वणीच आहे. मिसरदेशच्या वस्तु आणि महाकाय सरड्यांचे सांगाडे येथें आहेत. २०२३ सालीं तें नूतनीकरण होऊन उघडलें, त्या वेळीं दक्षिण आशियासाठीं एक स्वतंत्र दालन त्यांत आलें. त्याची मांडणी केवळ पंडितांनीं न करतां तेथें स्थायिक झालेल्या हिंदी, पाकिस्तानी, बांगलादेशी आदि घराण्यांतील सुमारें तीस जणांनीं मिळून केली आहे. याच संग्रहालयानें २०१९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांच्या ४३ वस्तु त्यांच्या त्यांना परत केल्या. दुसऱ्याच्या घरून आणलेली वस्तु जपून ठेवणें निराळें आणि ती परत करणें निराळें.

तिसरा दिवस : दोन ग्रंथालयें आणि एक पुतळा

ज्या वाचकांना पुस्तकांचा लळा आहे, त्यांनीं तिसरा दिवस सर्वस्वीं मोकळा ठेवावा. डीन्सगेटवर तांबड्या दगडाची, देवळासारखी भासणारी एक इमारत आहे. तें जॉन रायलंड्स ग्रंथालय. कापसाच्या धंद्यांत अगणित पैसा मिळविलेले रायलंड्स १८८८ सालीं वारले, तेव्हां क्यूबा बेटांत जन्मलेल्या त्यांच्या पत्नी एन्रिकेटा यांनीं पतीच्या स्मरणार्थ हें ग्रंथालय बांधविलें. १ जानेवारी १९०० रोजीं तें लोकांना खुलें झालें. रस्त्यावरचा गलबला पोहोंचूं नये म्हणून वाचनदालन उंचावर घेतलें. शहराची हवा काजळीनें इतकी भरलेली असे कीं आंत येणारा वारा तागाच्या पडद्यांतून गाळून घ्यावा लागे. गिरण्यांच्या पैशानें बांधलेल्या ग्रंथालयाला गिरण्यांच्याच धुरापासून पुस्तकें वांचवावीं लागलीं!

रायलंड्सबाईंनीं १८९२ सालीं अर्ल स्पेन्सर यांचा चाळीस हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह व १९०१ सालीं क्रॉफर्डच्या अर्लचा पूर्वेकडील हस्तलिखितांचा संग्रह विकत घेतला. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील योहानाच्या शुभवर्तमानाचा एक चिमुकला पपायरस-तुकडाहि या ग्रंथालयाच्या मालकीचा आहे. तो दुसऱ्या शतकांतील मानतात. धर्म कोणताहि असो, तळहातांत मावेल एवढ्या जीर्ण तुकड्यासाठीं केवढी निगा घेतात तें पाहून, आपल्या घरच्या पोथ्यांना वाळवी लागूं देणाऱ्या माणसानें थोडें खालीं पाहावें.

तेथून दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर चेथम ग्रंथालय आहे. ह्यूम्फ्री चेथम नांवाच्या कापडव्यापाऱ्याच्या मृत्युपत्रान्वयें १६५३ सालीं तें स्थापन झालें. इंग्रजी भाषा बोलणाऱ्या जगांतील हें सर्वांत जुनें सार्वजनिक ग्रंथालय समजतात, आणि त्याची वास्तु तर १४२१ सालची आहे. याच व्यापाऱ्यानें चाळीस गरीब मुलांच्या शिक्षणाचीहि तरतूद केली. खिडकीच्या कोनाड्यांत एक चौकोनी टेबल आहे. १८४५ च्या उन्हाळ्यांत मार्क्स व एंगल्स तेथें बसून वाचीत. एंगल्स हे स्वतः मँचेस्टरमधील एका सूतगिरणीच्या भागीदाराचे चिरंजीव. व्यापाऱ्याच्या देणगींतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांत व्यापारशाहीवर सर्वांत प्रखर टीका करणारे दोघे वाचीत बसले आणि त्यांना कोणी हटकलें नाहीं. ग्रंथालयाचें ब्रीद तें हेंच. येथें मार्गदर्शकाबरोबर ठराविक वेळींच आंत जातां येतें, म्हणून जागा आधीं राखून ठेवावी.

ग्रंथालयाच्या शेजारींच मँचेस्टरचें कॅथीड्रल आहे, आणि त्याच्याबाहेर महात्मा गांधींचा नऊ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. गोलमेज परिषदेसाठीं आलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्यें लँकेशायरांतील डार्वेन या गिरणीच्या गांवीं गेले होते. विदेशी कापडावरील बहिष्कारानें ज्यांची रोजी बुडाली होती, त्यांच्याच भेटीस ते मुद्दाम गेले. त्यांनीं त्यांचें दुःख ऐकून घेतलें आणि हिंदुस्थानांतील दारिद्र्य त्याहून किती खोल आहे तेंहि शांतपणें सांगितलें. गिरणीकामगार स्त्रियांनीं त्यांचें हंसतमुखानें स्वागत केलें. त्या प्रसंगाचें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. मँचेस्टरमधील हा पुतळा २५ नोव्हेंबर २०१९ रोजीं उभारण्यांत आला. तो घडविणारे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ सालीं धुळें जिल्ह्यांतील गोंदूर या गांवीं, म्हणजे खानदेशांत, झाला. ज्या खानदेशाची काळी जमीन एके काळीं या गिरण्यांना कापूस पुरवीत होती, तेथील एका पुत्राच्या हातची मूर्ति आज या शहराच्या जुन्या भागांत उभी आहे. मराठी माणसानें मँचेस्टर पाहावें तें येथें येऊन पुरें करावें.

कांहीं उपयुक्त सूचना

चौथा दिवस हातीं असल्यास शहराबाहेर स्टायल येथील क्वारी बँक ही १७८४ सालची गिरणी पाहावी. येथें अनाथाश्रमांतून आणलेलीं लहान मुलें काम करीत. त्यांचें राहण्याचें घर अजून आहे. आपल्या दहा वर्षांच्या नातवास तें दाखविल्यास शाळेचा कंटाळा त्यास पुन्हां येणार नाहीं. क्रिकेटप्रेमी मंडळींस ओल्ड ट्रॅफर्ड मैदान सांगावयास नकोच. १९३६ सालीं विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनीं तेथें सलामीस २०३ धावा केल्या, आणि १९९० सालीं सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरनें आपलें पहिलें कसोटी शतक तेथेंच झळकाविलें. नगरभवनाची १८७७ सालची इमारत २०१८ सालीं दुरुस्तीसाठीं बंद करण्यांत आली होती; ती आंतून पाहावयाची असल्यास सद्यःस्थिति आधीं विचारून घ्यावी.

शाकाहारी मंडळींनींहि चिंता करूं नये. लागूनच असलेल्या सॅल्फर्ड शहरांत १८०९ सालीं असा एक ख्रिस्ती पंथ निघाला होता कीं ज्याच्या अनुयायांस मांस वर्ज्य असे. १८४७ सालीं स्थापन झालेल्या इंग्लंडच्या शाकाहारी मंडळास या पंथाचें मोठें पाठबळ होतें. आज रशोम भागांत विल्म्स्लो रोडवर तर दक्षिण आशियांतील खाद्यपदार्थांच्या दुकानांची लांबच लांब रांगच आहे.

शेवटीं एकच विचार मांडावयाचा आहे. मँचेस्टर पाहून कोणी इंग्रजांच्या उद्योगाचा पोवाडा गात परत येईल, तर कोणी जुन्या अन्यायाची आठवण काढून दांतओंठ खाईल. आमच्या मतें दोन्ही डोळे उघडे ठेवूनच हें शहर पाहावें. एकानें उद्योग दिसावा, दुसऱ्यानें त्याची किंमत. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं या नगरीनें आपली गिरणी, आपला बाजार आणि आपल्या हातून सांडलेलें रक्त, यांपैकीं पुष्कळ कांहीं जपून ठेवलें आहे व तें येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत आहे. मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुष्कळांच्या जागीं उंच मनोरे व दुकानें उभीं राहिलीं. त्या गिरण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांच्या आठवणी सांगणारीं माणसें अजून आपल्या घरांत व शेजारांत आहेत. विलायतेची वाट धरण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्यांच्यापाशीं बसून तें सारें ऐकून घ्यावें आणि लिहून ठेवावें. मग मँचेस्टरचा खडखडाट ऐकतांना त्यांतील अर्धी भाषा आपली आहे, हें वाचकांस आपोआप कळेल.